मातीतल्या मोटरसायकली आणि किकचा दांडा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोटरसायकल चालू करण्याचे सामान्यतः दोनच मार्ग होते : सायकलीसारखे पायडल मारून इंजिन फिरवायचे, किंवा गाडी ढकलत तिच्याबरोबर धावायचे आणि इंजिनाने धरले की उडी मारून खोगिरावर बसायचे. बहुतेक गाड्यांत इंजिनाची शक्ती पट्ट्याने थेट मागच्या चाकाला मिळत असे, मध्ये ना क्लच असे ना गिअर, त्यामुळे चाक थांबले की इंजिनही थांबे आणि इंजिन फिरवायचे तर चाक फिरवणे भाग पडे. चाक जागच्या जागी ठेवून नुसते इंजिन फिरवता यावे यासाठी आधी या दोघांची ताटातूट होणे आवश्यक होते, आणि म्हणूनच किकचा इतिहास क्लच व गिअरबॉक्स यांच्या इतिहासाच्या पाठोपाठ सुरू होतो.

किकच्या पहिल्या व्यवहार्य रचनेचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातल्या आल्फ्रेड अँगस स्कॉट (१८७५–१९२३) या अभियंत्याला दिले जाते. १९०८ साली त्याने पुढे आणलेल्या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक गाडीत पायाने बदलायचे दोन वेग होते आणि इंजिन चालू करण्यासाठी स्वतंत्र किक होती. इतर कारखान्यांना ती आपलीशी करायला पुढची दहा-एक वर्षे लागली. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९१६मध्ये पायडल सोडून किक स्वीकारली. याच सुमारास, १९१४ साली, इंडियन या अमेरिकी कारखान्याने बटणाने सुरू होणारी ‘हेंडी स्पेशल’ विक्रीस आणली होती, परंतु त्या काळच्या बॅटऱ्यांना तो भार पेलवला नाही आणि गाडी लवकरच मागे घ्यावी लागली. विजेवर चालणारा स्टार्टर मोटरसायकलींत पुन्हा रुळायला त्यानंतर काही दशके जावी लागली, आणि मातीवरच्या शर्यतीच्या बहुतेक गाड्यांत तर तो एकविसावे शतक उजाडेपर्यंत आलाच नाही.

स्कॉटचे नाव या इतिहासात आणखी एका ठिकाणी येते, आणि हा योगायोग फारसा कुणाच्या ध्यानात राहिलेला नाही. १९१४ साली त्याने शिपली येथील आपल्या कारखान्यातल्या कामगारांसाठी यॉर्कशरच्या ओढ्यांतून आणि दगडधोंड्यांतून जाणारी एक चाचणी-शर्यत भरवली, जी ‘स्कॉट ट्रायल’ म्हणून आजही भरते. ट्रायल प्रकारात वेगापेक्षा तोलाला महत्त्व असते : पंचांच्या नजरेखालच्या अवघड टप्प्यांत पाय जमिनीला टेकला की गुण जातात. मार्च १९२४मध्ये दक्षिण इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथल्या हौशी मंडळींनी याच धर्तीची ‘सदर्न स्कॉट’ शर्यत योजली, मात्र त्यांनी पंचांचे टप्पे गाळून टाकले आणि सर्वांत आधी पोचेल तो विजयी असा साधा नियम ठेवला. गुणांकनाचे टप्पे नसलेल्या या प्रकाराला ट्रायल म्हणता येत नव्हते, म्हणून ‘स्क्रॅम्बल’ हे नाव पडले, आणि पुढे युरोप खंडात त्यालाच मोटोक्रॉस म्हणू लागले. गाडीला किक देणारा माणूस आणि गाडीला माती दाखवणारा माणूस एकच निघावा, ही या विषयाच्या अभ्यासकाला खूश करणारी गोष्ट आहे.

मातीवरची गाडी वेगळ्या अर्थानेही किकवर अवलंबून होती. सपाट सडकेवर बंद पडलेली गाडी ढकलून चालू करता येते, पण घोटाभर चिखलात किंवा चढाच्या मध्यावर ढकलण्याला अर्थ नसतो; तिथे गाडी चालू होईल ती किकनेच. आणि नेमक्या याच गाड्यांत, त्यांना हलके व वेगवान करणारी जवळजवळ प्रत्येक सुधारणा त्या चालू करणे अवघड करत गेली. वजन वाचवण्यासाठी बॅटरी काढली तेव्हा ठिणगी दुबळी झाली, ताकद वाढवण्यासाठी सिलिंडरातला दाब वाढवला तेव्हा दांडा जड झाला, वरच्या वेगाला अनुकूल कार्ब्युरेटर बसवला तेव्हा इंजिन सावकाश फिरायलाच तयार होईना. या सगळ्या सौद्यांची वसुली अखेर एका पोलादी दांड्याकडून आणि एका पायाकडून होत असे, म्हणून जुन्या गाडीचा दांडा पाहिला तर तिच्या कर्त्याने काय कमावले आणि काय गहाण टाकले याचा अंदाज बांधता येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतरची पंधरा-वीस वर्षे मातीवर ब्रिटिश फोर-स्ट्रोकचे राज्य होते. फोर-स्ट्रोक म्हणजे दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा स्फोट होणारे इंजिन, आणि या गाड्यांत ३५० किंवा ५०० सीसीचा एकच मोठा सिलिंडर असे. बीएसएची ‘गोल्ड स्टार’ ही त्यांतली सर्वांत नावाजलेली. अमेरिकेतील कॅटालिना बेटावरची १९५६ची शर्यत जिंकल्यावर तिच्या मातीवरच्या एका रूपाला ‘कॅटालिना’ हेच नाव मिळाले. शर्यतीसाठी तिच्यावर चढवल्या जाणाऱ्या अमल जीपी कार्ब्युरेटरमध्ये मंद चालीसाठी वेगळी सोयच नव्हती, त्यामुळे चालू झालेले इंजिनही थ्रॉटल सोडताच बंद पडे. अशी गाडी चालू करणे हा एक विधीच होता. पेट्रोलची तोटी उघडून कार्ब्युरेटरवरचे ‘टिकलर’ नावाचे छोटे बटण दाबायचे, म्हणजे तरंगता गोळा खाली जाऊन पेट्रोल काठोकाठ भरते. हँडलवरच्या खटक्याने ठिणगीची वेळ मागे घ्यायची. मग दांडा पायाने हळूहळू दाबत न्यायचा, तोवर एका जागी तो भिंतीला टेकल्यासारखा अडतो. ही दाबाची फेरी होय. इथे जोर करायचा नसतो. दट्ट्या वरच्या टोकापर्यंत, म्हणजे कारागीर ज्याला टीडीसी म्हणतात तिथपर्यंत, हलकेच न्यायचा, त्याच्या किंचित पुढे काढायचा, दांडा मोकळा सोडून पुन्हा वर येऊ द्यायचा, आणि मग सगळे वजन त्यावर टाकून शेवटपर्यंत एकच लांब, सलग झोका द्यायचा. असे केल्याने क्रँकला पुढची दाबाची फेरी येण्यापूर्वी सुमारे दीड वेढ्याची धाव मिळते आणि फ्लायव्हील, म्हणजे क्रँकवरचे जड चाक, त्या धावेच्या बळावर दट्ट्याला भिंतीपलीकडे नेते. नवशिक्या मात्र जिथे दांडा अडतो तिथेच लाथ घालतो, आणि ही चूक त्याला महागात पडते.

ती महागात का पडते, हे ठिणगीच्या वेळेत दडलेले आहे. पेट्रोलच्या वाफेला पूर्ण पेटायला थोडा अवधी लागतो, म्हणून दट्ट्या वर पोचण्याआधीच ठिणगी पाडतात. इंजिन वेगात असले तर स्फोटाचा जोर नेमका दट्ट्या खाली वळताना बसतो. किक अर्धवट किंवा मंद बसली तर मात्र दट्ट्या वर चढत असतानाच स्फोट त्याला गाठतो आणि उलट दिशेने ढकलतो. क्रँक उलटी फिरते, तिच्याबरोबर दांडा वर उसळतो आणि त्यावरचा पाय आपल्याबरोबर नेतो. उलटी किक म्हणतात ती हीच, आणि तिने घोटे व नडग्या मोडल्याचे प्रकार सर्वत्र घडले आहेत. जाड तळाचे बूट मोटोक्रॉसमध्ये आले ते काही केवळ दगडांपासून बचावासाठी नव्हे.

ब्रिटिश स्वार जेफ स्मिथने मोटोक्रॉसची १९६४ आणि १९६५ची ५०० सीसी जागतिक अजिंक्यपदे बीएसएवर जिंकली, आणि त्या यशावर स्वार होऊन कारखान्याने ४४१ सीसीची ‘व्हिक्टर’ सर्वसामान्य गिऱ्हाइकासाठी काढली. तिच्यात बॅटरी नव्हती. जनित्राने त्या क्षणी निर्माण केलेली वीजच थेट ठिणगीला मिळे. म्हणजे ठिणगीचा जोर इंजिनाच्या वेगावर आणि इंजिनाचा वेग किकच्या झटक्यावर अवलंबून होता, शिवाय ठिणगीची वेळ अंशभर जरी चुकली तरी ती पुरेशी पडत नसे. अजिंक्यवीराच्या गाडीची तब्येत रोज कारखान्याचे कसबी कारागीर जपत असत, गिऱ्हाइकाच्या दारात ते कोण जपणार? अमेरिकेत या गाडीची जी ख्याती झाली तीत तिच्या किकच्या हट्टीपणाचा वाटा मोठा आहे.

किकला नियमाचाच दर्जा मिळाला तो १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणीत. या स्पर्धेत दिवसाअखेरी गाड्या बंदिस्त आवारात ठेवल्या जात, रात्री त्यांना कुणी हात लावायचा नसे, आणि सकाळी थंडगार इंजिनाची गाडी स्वाराने ढकलत रेषेवर आणायची असे. इशारा झाल्यापासून एका मिनिटात इंजिन चालू करून थोड्या अंतरावरची दुसरी रेषा इंजिनाच्या बळावर ओलांडली नाही तर दंडाचे गुण बसत. १९४८ साली ही स्पर्धा इटलीत सान रेमोला भरली तेव्हा ब्रिटिश पथकात रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० सीसी ‘बुलेट’ होत्या आणि त्यांनी सुवर्णपदके मिळवली. हीच बुलेट १९५५पासून मद्रासमध्ये जोडली जाऊ लागली आणि पुढे महाराष्ट्रातल्या गावागावांत पोचली, त्यामुळे गोल्ड स्टारच्या स्वारांचा विधी मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही. बुलेटच्या जुन्या स्वाराला ठाऊक असते की चावी फिरवून दांडा हळू दाबत नेताना ॲमीटरचा काटा एका बाजूला झुकतो व मध्यावर परत येतो, ती खूण ठिणगीच्या जागेची; मग ‘डीकॉम्प्रेसर’चा खटका ओढायचा, ज्याने सिलिंडरातला दाब एका छोट्या झडपेतून बाहेर पडतो, दांडा थोडा पुढे सरकवायचा, खटका सोडायचा आणि मग किक मारायची. म्हैसूरच्या जावा आणि येझदीवर तर दोन कामे एकाच दांड्याने होत : गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होई, आणि इंजिन चालू झाल्यावर तो पुन्हा गिअरच्या कामाला परत येई. चेकोस्लोव्हाकियात जन्मलेली ही युक्ती काटकसरीचा उत्तम नमुना होती, पण ती पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडीची किक शोधतच राहत असे.

१९६०च्या दशकात मातीवरचा तराजू टू-स्ट्रोककडे झुकला. टॉर्स्टन हालमनने १९६२ साली स्वीडिश हुस्कवार्नावर २५० सीसीचे जागतिक पद घेतले, जोएल रॉबेर १९६४ साली चेक सीझेडवर जिंकला, आणि काही वर्षांतच अवजड फोर-स्ट्रोक शर्यतीच्या रेषेवरून दिसेनाशा झाल्या. टू-स्ट्रोकमध्ये झडपा नसतात, हलणारे भाग थोडे असतात आणि क्रँकच्या दर वेढ्याला स्फोट होतो, त्यामुळे मध्यम आकाराचे इंजिन एका बेताच्या किकमध्ये धरते. टू-स्ट्रोकची खोड वेगळीच. पेट्रोल क्रँकच्या पोटातून सिलिंडरात जात असल्याने चार-पाच किका वाया गेल्या की पोटात पेट्रोल साचते, त्यातल्या तेलाने प्लग ओला होतो आणि मग कितीही घाम गाळला तरी गाडी धरत नाही. तोटी बंद करून थ्रॉटल पूर्ण उघडून किका मारायच्या किंवा प्लग काढून कोरडा करायचा, एवढेच हाती उरते. हुस्कवार्नाची किक डाव्या बाजूला होती, आणि ती बसून डाव्या पायाने मारण्यापेक्षा गाडीच्या डावीकडे उभे राहून उजव्या पायाने मारण्याची पद्धत पडली.

याच काळात दांड्याच्या आतल्या बाजूला एक बदल झाला. जुन्या ब्रिटिश आणि बऱ्याच युरोपीय गाड्यांत किकचे चक्र गिअरबॉक्सच्या मुख्य दांड्याला फिरवी, तिथून ताकद क्लचमार्गे इंजिनाला पोचे. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये हवी आणि क्लच सोडलेला हवा. चढावर, गिअरमध्ये गाडी बंद पडली की आधी न्यूट्रल शोधायचे आणि मग किक मारायची, तोवर मागचे चार जण पुढे जात. जपानी कारखान्यांनी रूढ केलेल्या ‘प्रायमरी किक’मध्ये किकचे चक्र क्लचच्या बाहेरच्या टोपल्याला फिरवते, जे इंजिनाशी कायम जोडलेले असते, त्यामुळे क्लच दाबून धरला की कोणत्याही गिअरमध्ये किक मारता येते. यामाहाची १९६८ची डीटी-१ आणि तिच्यामागून आलेल्या गाड्यांनी सर्वसामान्य स्वाराला मातीवर आणले, त्यात प्रायमरी किकसारख्या बिनबोभाट सोयींचा हात जाहिरातींतल्या ताकदीच्या आकड्यांहून कमी नव्हता.

मोठ्या फोर-स्ट्रोकने १९७६ साली यामाहाच्या एक्सटी-५००च्या रूपाने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा कर्त्यांना जुना विधी आठवत होता. त्यांनी सिलिंडरच्या डोक्यावर उजव्या बाजूला काचेची एक चिमुकली खिडकी दिली; हँडलवरचा दाब सोडण्याचा खटका ओढून दांडा हळू दाबत गेले की दट्ट्या योग्य जागी येताच खिडकीत खूण दिसते. स्वाराने अंगवळणी पाडायची गोष्ट इथे यंत्रानेच दाखवून दिली. याच गाडीवर सिरिल नव्हू १९७९ची पहिली पॅरिस-डाकार रॅली जिंकला. होंडाने त्याच सुमारास आपल्या ५०० सीसी गाड्यांत दाब सोडणारी झडप किकच्या दांड्यालाच जोडली, म्हणजे दांडा खाली जाताना झडप आपोआप किंचित उघडू लागली. तरीही १९९८मध्ये यामाहाने वायझेड-४००एफ ही शर्यतीची फोर-स्ट्रोक आणली तेव्हा टू-स्ट्रोकवर वाढलेल्या पिढीला गोल्ड स्टारचा तोच धडा नव्याने गिरवावा लागला : दट्ट्या शोधा, खटका ओढा, किंचित पुढे काढा, दांडा वर येऊ द्या, आणि किक मारताना थ्रॉटलला अजिबात हात लावू नका. २००७पासून केटीएमने आणि २०१८पर्यंत होंडा व यामाहाने आपल्या ४५० सीसी मोटोक्रॉस गाड्यांना बटण दिले, आणि या नव्या यामाहावर तर किकचा दांडा उरलाच नाही.

किकचे जे ज्ञान आज शिल्लक आहे ते जुन्या गाड्या दुरुस्त करून पळवणाऱ्यांकडे, आणि त्यांच्यापुढचा नेहमीचा पेच दांड्याच्या निवडीचाच असतो, कारण मूळ दांडा बहुधा झिजलेला, वाकलेला किंवा हरवलेला असतो. दांडा किकच्या आसावर बसतो तो ‘स्प्लाइन’वर, म्हणजे आसाच्या टोकाला कोरलेल्या उभ्या बारीक दात्यांवर. दात्यांची संख्या आणि आसाचा व्यास या दोन्ही गोष्टी तंतोतंत जुळाव्या लागतात. नुसते डोळ्यांनी पाहून आणलेला दांडा कधी कधी हातोडीने बसतोही, आणि पहिल्याच जोरकस किकला आसाचे दाते सोलून काढतो. दांड्याच्या डोक्याला एक चीर असते आणि तिच्यातून आडवा बोल्ट जाऊन ती आवळतो. पुष्कळ गाड्यांत हा बोल्ट आसावर कोरलेल्या खोबणीतूनही जातो, त्यामुळे तो सैल करून भागत नाही, पूर्ण काढल्यावाचून दांडा निघत नाही, आणि हे न कळलेला माणूस पुलर लावून आस खराब करतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बोल्टच्या जागी सायकलीच्या क्रँकसारखी कॉटर पिन असे. बोल्ट जरासा ढिला राहिला तर दांडा दर किकेला केसभर सरकतो आणि दाते गोल होत जातात. दांडा बदलणे स्वस्त, पण आस बदलायचा तर इंजिन उघडावे लागते. याच कारणाने डोके पोलादाचे की ॲल्युमिनियमचे, हा प्रश्न वजनापुरता उरत नाही. ॲल्युमिनियमचे मऊ डोके झिजले तर दांडा जातो आणि आस वाचतो, हा त्याचा गुण म्हणता येईल. पण मोठ्या फोर-स्ट्रोकवर ते फार दिवस टिकत नाही, आणि ठोकून घडवलेल्या पोलादी दांड्याला तिथे पर्याय नाही.

लांबीबाबत हौशी मंडळींत एक गैरसमज पक्का आहे, की लांब दांडा म्हणजे सोपी किक. लांबी दहा टक्क्यांनी वाढवली तर लागणारे बळ जवळपास तेवढ्याच प्रमाणात कमी होते हे खरे, पण आसाला तितकेच वळण द्यायला पायही तितकाच जास्त खाली न्यावा लागतो, आणि खाली जागा असतेच असे नाही : टाच पायदानावर आदळते, किक अर्धवट राहते, इंजिनाला हवा तो झटका मिळत नाही आणि उलटी किक बसण्याचा धोका उलट वाढतो. पायदान मुडपण्याजोगे असेल तर किकआधी ते वर करून घेता येते. उंच गाडी आणि आखूड पायांचा स्वार यांच्यासाठी लांब दांडा जवळजवळ निरुपयोगी, तर जड फ्लायव्हीलच्या ५०० सीसीला आखूड दांडा जुलूम. दांड्याला बाहेरच्या अंगाला किती वाक आहे हेही तितकेच पाहावे लागते, कारण टू-स्ट्रोकचा फुगीर धुराडा, इंजिनाचे कव्हर आणि ब्रेकचे पायदान यांना चुकवून तो पूर्ण फिरला पाहिजे, आणि वाक गरजेपेक्षा जास्त असला तर तेवढा पीळ आसावर पडतो. पायाखालचे टोक मुडपणारे असते. त्याच्या सांध्यात स्प्रिंगवर टेकलेली एक छोटी गोळी त्याला मिटलेल्या जागी धरून ठेवते, आणि ती गोळी झिजली की उड्यांमध्ये टोक आपोआप उघडून पोटरीला घासते किंवा चाकोरीच्या काठात अडकते. नवा दांडा घेताना हा सांधा हाताने पाच-सहा वेळा उघडझाप करून पाहण्याची जुन्या कारागिरांची सवय म्हणूनच योग्य आहे.

उरतो तो दांडा आसावर कोणत्या दात्यावर बसवायचा हा निर्णय. एक दाता मागेपुढे केल्याने सुरुवातीची जागा कित्येक अंशांनी बदलते. दांडा फार मागे बसवला तर तो गुडघा पोटाशी घेऊन मारावा लागतो आणि पायाचे पहिले बळ वाया जाते. फार पुढे बसवला तर आसाला पुरे वळण मिळण्याआधीच तो पायदानाला किंवा जमिनीच्या बाजूला जाऊन टेकतो. साधारणपणे किकचे चक्र पकड घेते त्या क्षणी मांडी जमिनीला समांतर असावी आणि झोका संपताना पाय जवळजवळ सरळ झालेला असावा, अशा बेताने दाता निवडतात, आणि तो निवडण्यापूर्वी प्लग काढून, दाबाविना, दांडा वरपासून खालपर्यंत हाताने फिरवून कुठे काही अडत नाही ना हे पाहून घेतात.